दुसरी खेप

नाथाजी सुर्वे बर्मातून परत आला त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. पलटणीत तो नर्सिंग शिपाई होता. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, स्ट्रेचर उचलणं, सुई टोचणं हे सगळं त्याला येत होतं. नागझरवाडीच्या लोकांना वाटलं, बरं झालं, गावात निम्मा डॉक्टर आला. रहिमतपूरचा दवाखाना सहा मैलांवर आणि मध्ये ओढा. पण पहिल्याच महिन्यात कुणी गळू दाखवायला आलं, कुणी पोराचा कान फुटला म्हणून आलं, तर नाथाजी सगळ्यांना एकच सांगायचा, "मला काय येत न्हाई. दवाखान्यात जावा." पुढं लोकांनी येणं सोडलं.

तो थोरल्या भावाच्या, अर्जुनाच्या घरात राहायचा. भावाबरोबर उसात राबायचा, भावजय धोंडुबाई वाढेल ते खायचा आणि फारसं बोलायचा नाही. त्याच्या लग्नाचं दोनदा निघालं आणि दोन्ही वेळा मोडलं. त्याचंही त्याला काही वाटलं नाही. काहीच वाटत नाही हेच त्याचं दुखणं होतं. पण ते कुणाला आणि कुठं बोट ठेवून दाखवायचं हे त्याला माहीत नव्हतं.

अठ्ठेचाळीस सालच्या नोव्हेंबरात, दिवाळी होऊन तीन आठवडे झाल्यावर, आभाळ भरून आलं. थंडी पडायच्या दिवसांत उकडायला लागलं. गुऱ्हाळं नुकतीच लागली होती. अर्जुनाचा ऊस त्या आठवड्यात गुऱ्हाळावर होता. पहाटेपासून वारा सुटला, तरी कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही. समुद्रावरनं मोठं वादळ आलंय, त्यानं मुंबईची दैना केलीय, हे गावाला चार दिवसांनी कळलं.

सकाळी नवाच्या सुमाराला वाऱ्यानं झाडं वाकवायला सुरुवात केली. काहिलीत, गुळाच्या त्या मोठ्या कढईत, रस उकळत होता. आकाराम गुळव्या त्या कामातला जुना माणूस. तो म्हणाला, "ह्येवढं आधण उतरू आनि बंद करू. आता सोडला तर समदा रस नासंल." अर्जुना काहिलीच्या काठावर उभा राहून रसावरची मळी काढत होता. तेवढ्यात गुऱ्हाळघराचे पत्रे एका बाजूनं उचलले. पत्रे गेले, मग तुळई खाली आली आणि तिचं एक टोक थेट काहिलीत पडलं. रस उसळला. आकारामचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत भाजले. अर्जुनाच्या अंगावर तर काहील जवळजवळ पालथीच झाली.

नाथाजी उसाच्या फडात होता. त्याला ओरडणं ऐकू आलं नाही, वारा उलटा होता. एक माणूस फडाच्या कडंला हात हलवताना दिसला, म्हणून तो बाहेर आला.

गावात दगडी भिंतींची अशी शाळा तेवढीच होती. जखमींना तिथं आणून बाकांवर निजवलं होतं. भाजलेले दोघं, उडत्या पत्र्यानं मांडी चिरलेली रंगुबाई, भिंतीखाली पाय चेचलेला कोंडीबा, आणि राहीबाई म्हणून ऊसतोडीला आलेली जत भागातली एक बाई. राहीबाईच्या बरगड्या मोडल्या होत्या, श्वास घेताना छातीची एक बाजू आत जात होती. किरकोळ लागलेले आणखी वीसेक लोक भिंतीला टेकून बसले होते. सगळ्यांनी नाथाजीकडं पाहिलं. मला काय येत नाही, असं तो या वेळी म्हणाला नाही. त्यानं धोंडुबाईला सांगितलं, "वैनी, माझ्या ट्रंकंत खाकी पिशवी हाय, ती आना. आनि धुतलेली लुगडी, धोतरं, जे असंल ते उकळाया घाला."

पिशवीत कात्री होती, पलटणीतल्या दोन पट्ट्या होत्या आणि जखमेवर टाकायच्या पावडरीची एक पुडी होती. त्याचे हात कामाला लागले. रंगुबाईच्या मांडीतून रक्त उडत होतं. त्यानं मुठीनं दाबलं, वर फडकं आवळलं, त्यात काठी घालून पीळ दिला. कोंडीबाच्या पायाला दोन फळ्या बांधल्या. राहीबाईला मोडलेल्या बाजूवर वळवून निजवलं. ती कानडीत काहीतरी बोलत होती, ते त्याला कळत नव्हतं, पण श्वास जरा सुधारला एवढं त्यानं पाहिलं. आकारामच्या पायांवर उकळून गार केलेलं पाणी ओतलं, फडकी अंथरली. आकाराम मोठ्यानं कण्हत होता. कण्हतोय म्हणजे ठीक आहे, असं नाथाजीच्या मनात आलं.

अर्जुना कण्हत नव्हता. तो बाकावर उताणा पडून छताकडं बघत होता. नाथाजी जवळ गेल्यावर म्हणाला, "आकारामाला लय लागलं का रं?"

"पायाला लागलंय. बरा हुईल."

"मला तसं दुकत न्हाई. तहान लागलीया निस्ती."

नाथाजीनं त्याच्या अंगावरचं फडकं उचलून पाहिलं. छाती, पोट, दोन्ही हात, मांड्या. कातडी पांढुरकी आणि टणक झाली होती. त्यानं बोटानं हळूच दाबून विचारलं, "हितं कळतंय?" अर्जुना म्हणाला, "न्हाई." नाथाजीनं फडकं परत पसरलं.

बर्मात त्यांचा कॅप्टन जखमींच्या तीन रांगा करायला लावायचा. पहिली रांग आधी न्यायची. दुसरी थांबू शकणारी. तिसऱ्या रांगेतल्यांना सावलीत ठेवायचं, पाणी द्यायचं आणि सांगायचं की पुढच्या लॉरीत तुमचा नंबर आहे. ते सांगायचं काम बहुतेक वेळा नाथाजीकडं यायचं, कारण त्याचा आवाज शांत होता. त्यानं ते किती जणांना सांगितलं असेल याचा त्यानं कधी विचार केला नव्हता. ज्यांची कातडी अशी पांढरी, टणक होऊन दुखायची थांबलेली असे, ते सगळे तिसऱ्या रांगेत जायचे.

त्यानं लोटाभर पाण्यात गूळ आणि मीठ कालवलं आणि भावाला थोडं थोडं पाजलं. धोंडुबाई पदरानं अर्जुनाच्या तोंडावरच्या माशा वारत होती. ती म्हणाली, "बोलत्यात चांगलं. मी तर भ्यालेच हुते, भावजी."

नाथाजीनं लोटा तिच्या हातात दिला.

दुपारी दोनच्या सुमाराला वारा उतरला. रहिमतपूरकडं धाडलेला माणूस अर्ध्या वाटेतून परत आला. ओढा दोन्ही थड्या सोडून वाहत होता आणि साताऱ्याच्या रस्त्यावर वडाची झाडं आडवी पडली होती. तेवढ्यात याकूब मुलाणी आला. तो रेल्वेच्या गँगचा मुकादम, राहायला गावातच. अंगावरची खाकी चड्डी चिखलानं भरलेली.

"मसूरकडनं माजा एक गडी चालत आलाय," तो म्हणाला. "तिथं मालगाडी हुबी हाय. फुडं वरच्या अंगाला रूळ बंद, म्हनून इंजान माघारी मिरजंला न्हेनार हैत. मसुरापतूर रुळावर झाडं हैत, पर आमी तोडत जाऊ. सामानाची ट्रॉली हाय माज्याकडं. ढकलत न्हेऊ."

"किती मानसं मावतील?"

"निजवून चार. पाचवं बसवलं तर ढकलनारं दमतील. सात मैल हाय गड्या, आनि वाटंत उचलून झाडावरनं पलीकडं घ्यावी लागंल."

नाथाजीनं शाळेत नजर फिरवली. मोजायला काही वेळ लागला नाही.

"रंगुबाई, कोंडीबा, आकाराम, आनि ही बाई," तो म्हणाला.

याकूबनं त्याच्याकडं पाहिलं. मग अर्जुनाकडं पाहिलं. अर्जुना आणि याकूब एका वर्गात होते, याच शाळेत. याकूब हळू आवाजात म्हणाला, "नाथा, दादाला ऱ्हाऊ देतूस?"

"व्हय."

"त्या जतंच्या बाईचं तर हितं कोनच न्हाई."

"कोनाचं कोन हाय त्ये बगून न्हाई न्हेत. ती वाचंल म्हनून."

 याकूब बाहेर जाऊन आपल्या माणसांना हाका मारायला लागला.

बाकं उचलायला माणसं आत आली तशी धोंडुबाई उठून उभी राहिली. तिला वाटलं, आधी अर्जुनाला नेतील. आकारामला उचललं, मग कोंडीबाला. चौथ्यांदा राहीबाईला उचलल्यावर ती नाथाजीच्या समोर आली.

"आनि ह्ये?"

त्याला तिथं खरं सांगता आलं असतं. तेवढा वेळ होता. शाळेतले निम्मे लोक बाहेर ट्रॉलीपाशी गेले होते. पण त्याच्या तोंडून सवयीनं जे यायचं तेच आलं, आणि ज्या आवाजात यायचं त्याच आवाजात.

"वैनी, ह्यांना दुसऱ्या खेपेला न्हेतो. ट्रॉली माघारी आली की ह्यांचाच नंबर."

"कवा येईल?"

"सांजपतूर. न्हाईतर उद्या सकाळी. पानी पाजत ऱ्हावा."

तिनं मान हलवली. अर्जुनानं हे सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, "जा तू. माजं काय अडत न्हाई." नाथाजी त्याच्या उशाशी क्षणभर थांबला आणि मग रंगुबाईच्या मांडीवरचा पीळ सैल करून पाहायची वेळ झाली म्हणून बाहेर गेला.

सात मैलांना त्यांना तीन तास लागले. आठ ठिकाणी झाडं तोडली, दोन ठिकाणी जखमींना खाली घेऊन ट्रॉली उचलून पलीकडं ठेवली. नाथाजी पंधरा-पंधरा मिनिटांनी पीळ सैल करायचा, रक्त येतंय का बघायचा आणि परत आवळायचा. वाटेत कोंडीबानं विचारलं, "पाय ऱ्हाईल का माजा?" नाथाजी म्हणाला, "बगू." मसुरात गार्डाच्या डब्यात चौघांना निजवलं. याकूब ट्रॉली घेऊन मागं फिरला. जाताना त्यानं विचारलं, "दादाला काय सांगू?" नाथाजी म्हणाला, "काय सांगू नगंस."

मिरजेच्या मिशन इस्पितळाच्या ओसरीतही माणसं निजवलेली होती. तिथल्या एका डॉक्टरांनी रंगुबाईचा पीळ पाहिला आणि विचारलं, "हे कुणी बांधलं?" नाथाजीनं पलटणीचं नाव सांगितलं. त्यांनी त्याला साबण आणि टॉवेल दिला. सांगलीकडून, खेड्यापाड्यांतून जखमी येतच होते आणि हात कमी होते. तो दोन दिवस तिथं राहिला. कोंडीबाचा पाय गुडघ्याखाली कापला, तेव्हा कंदील धरायला तोच होता. राहीबाई दुसऱ्या दिवशी उठून बसली. तिनं त्याला कानडीत काहीतरी विचारलं. तिथल्या आयाबाईनं सांगितलं, ती विचारतेय, तुझ्या घरचं कुणी यात आहे का. नाथाजी म्हणाला, नाही.

मसूरच्या पुढं, वरच्या अंगाला, गाडी सुरू झाली नव्हती हे खरं. पण मसूरपर्यंत इंजिन जाऊन येऊन होतं, आणि त्यानं त्याची चौकशी केली नाही, हेही खरं. तो गेला असता तर भावापाशी बसता आलं असतं. तो गेला नाही. असं का केलं याचं उत्तर त्याला तेव्हा देता आलं नसतं.

चौथ्या दिवशी दुपारी तो मसुरात उतरून रुळावरून चालत गावाकडं आला. गावाच्या अलीकडं याकूब माणसं लावून तारेचे खांब उभे करत होता. नाथाजीला बघून त्यानं हातातली पहार खाली ठेवली.

"गेला रं दादा. दुसऱ्याच दिशी दुपारी."

"तरास झाला?"

"बरळत हुता शेवटी. लय न्हाई झाला." याकूबनं चिखलाचे हात चड्डीला पुसले. "वैनी तितं न्हवती."

"कुटं हुती?"

"हितं. रुळावर." त्यानं हातानं जागा दाखवली. "तू सांगून गेलतास ट्रॉली येनार म्हनून. त्या सांजंला मी आलो तर पळत आली. म्हनली, न्हेताय न्हवं? मी काय सांगू? म्हनलो, नाथा आल्याबगर न्हेता येत न्हाई. मंग दुसऱ्या दिशी उजाडल्यापास्नं हितंच. शाळंत जायाची, पानी पाजायची, परत यायची. लांब कायबी दिसलं की उटून बगायची. अर्जुना गेला तवा शेजारच्या बायकांनी हाक मारली तिला. पोचंपतूर संपलं हुतं."

नाथाजीनं पहार उचलून याकूबच्या हातात दिली आणि तो घराकडं गेला.

धोंडुबाई सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. भोवती बायका होत्या. नाथाजी उंबऱ्याच्या आत येऊन बसला. तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं. डावा हात तिनं पदराखाली घेतला होता. असे दहा दिवस गेले. दिवस घातले, भावकी जेवून गेली. किरकोळ जखमांचे लोक रोज सकाळी शाळेच्या कट्ट्यावर यायचे आणि नाथाजी त्यांच्या पट्ट्या बदलायचा. आता त्यानं कुणाला नाही म्हटलं नाही. नाही म्हणायचंही त्याला सुचत नव्हतं.

अशा एका सकाळी, सगळे गेल्यावर, धोंडुबाई कट्ट्यापाशी आली आणि पदराखालचा हात पुढं केला. तळवा आणि चार बोटं भाजलेली होती. अर्जुनाला काहिलीजवळून ओढताना भाजलं असणार. वर हळद आणि तूप चोपडलेलं, खाली पू झाला होता. इतके दिवस तिनं कुणाला दाखवलं नव्हतं.

नाथाजीनं गरम पाणी घेतलं आणि धुवायला लागला. दुखत असणार, पण तिनं हात मागं घेतला नाही.

"मिरजंला न्हेलं असतं तर वाचलं असतं?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"तुमाला कवा कळलं?"

"हितं आनलं तवाच. फडकं उचलून बगितलं तवा."

"मंग ट्रॉली येती म्हनून का सांगितलंसा?"

तो एका बोटाभोवती पट्टी गुंडाळत होता. बोटं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून प्रत्येक बोट वेगळं बांधावं लागतं. त्यानं ते पुरं केलं.

"पलटनीत तसंच सांगायचो. मानूस घाबरत न्हाई मंग."

"मी न्हाई घाबरले," ती म्हणाली. "मी वाट बगत बसले. त्यांच्याजवळ बसायचं ते रुळावर बसले. त्यांनी दोनदा म्हनलं, धोंडे, बस की हितं, कशाला पळतीस. मी म्हनलं, आवं थांबा, गाडी येनार हाय तुमची."

नाथाजीची मान खाली होती. तिला वाटलं, तो काही बोलेल. त्यालाही तसंच वाटलं. त्यानं पट्टीला गाठ मारली आणि म्हणाला, "उद्या परत बदलाया पायजे."

"येते," ती म्हणाली आणि गेली.

ती रोज आली. पुढचे बारा दिवस. काही दिवस एक शब्दही न बोलता, काही दिवस थोडं बोलून. एकदा तिनं अर्जुनाच्या शेवटच्या दोन दिवसांतलं सगळं सांगितलं. किती पाणी प्याला, काय बरळला, कुणाचं नाव घेतलं. ती सांगत गेली आणि तो पट्टी बांधत ऐकत गेला. आपल्याला रडू यायला पाहिजे, हे त्याला समजत होतं. मधमाशीनं चावलेल्या जागेला हात लावावा आणि ती जागा दुसऱ्याच कुणाची असावी, तसं त्याला वाटत होतं.

वादळानंतर तीन आठवडे झाले असतील, तेव्हा खालच्या आळीतल्या तुका कुंभाराचं तोंड उघडेना झालं. पत्रे गोळा करताना त्याच्या टाचेत खिळा गेला होता. त्यानं तेव्हा कुणाला सांगितलं नाही, वर कांदा बांधून काम करत राहिला. नाथाजी गेला तेव्हा तुकाची पाठ कमानीसारखी ताणली जात होती. धनुर्वात ओळखायला त्याला वेळ लागला नाही. तुकाच्या बायकोनं विचारलं, "बरं हुतील न्हवं?"

या वेळी त्यानं खरं सांगितलं. "न्हाई वाचायचा. लय उशीर झालाय. कुटं न्हेऊ नगा, हालवलं की आचके येत्यात. दार लावून अंधार करा आनि जवळ बसा."

तिनं त्याच्याकडं असं पाहिलं, जणू त्यानंच काही केलं असावं. "तुमाला कुनी इचारलं," ती म्हणाली. तिच्या भावांनी तासाभरात बैलगाडी जोडली आणि तुकाला साताऱ्याला घेऊन निघाले. कोरेगावच्या अलीकडंच तो गेला. गाडी संध्याकाळी माघारी आली तेव्हा नाथाजी वेशीत उभा होता. ते लोक त्याच्याशी बोलले नाहीत.

घरी आल्यावर त्यानं धोंडुबाईला हे सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती. बराच वेळ ती लाकडं मागं-पुढं करत राहिली.

"सांगायचं त्ये बराबर सांगितलंसा," ती म्हणाली. "त्यांनी काय करायचं त्ये त्यांचं."

एवढंच ती बोलली. हातावरची पट्टी त्यानंतर चार दिवसांनी सुटली. बोटं वेगळी राहिली होती, पण करंगळी वाकडी झाली.

ऊस सगळा आडवा झाला होता. आडवा झालेला ऊस लवकर गाळावा लागतो, म्हणून पौषात गुऱ्हाळ परत लागलं. नवे पत्रे मिळाले नाहीत, उसाच्या पाचटानंच छप्पर शाकारलं. आकाराम मिरजेहून आला. त्याचे पाय बरे झाले होते, पण चुलवणाच्या धगीजवळ उभं राहवत नव्हतं. तो लांब बाजल्यावर बसून सूचना द्यायचा. रंगुबाई लंगडत का होईना चालायला लागली होती. राहीबाई जतकडं आपल्या माणसांत गेली, असं कळलं.

अर्जुनाच्या जागी काहिलीवर नाथाजी उभा राहिला. पहिल्या आधणाला रस उकळायला लागला आणि वास सुटला, तेव्हा सगळे त्याच्याकडं चोरून बघत होते. तो मळी काढत राहिला. धोंडुबाई मोळ्यांच्या ढिगाशी होती. तीही एकदा बघून परत कामाला लागली.

"तार आली का बग," आकाराम बाजल्यावरून म्हणाला.

नाथाजीनं उलथण्यावर थोडा पाक घेतला, पाण्यात बोटं बुडवून चिमटीत धरला आणि ओढून पाहिला.

"आली."

"मंग उतरा."

काहील उतरायला आठ माणसं लागतात. सात जण कडीत दांडा घालून उभे होते. धोंडुबाईनं मोळी खाली टाकली, हात लुगड्याला पुसले आणि आठवी जागा घेतली. नाथाजीच्या समोरची. आकारामनं हाक दिली आणि त्यांनी काहील उचलली.